सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला, तिने केंब्रिजला जाऊन बटाट्यात शोध लावला

दहावीचा निकाल लागला की मुळशी तालुक्यात पौडपासून पिरंगुटपर्यंत घराघरात एकच चर्चा सुरू होते. सायन्स घ्यायचं की कॉमर्स? सायन्स म्हटलं की केमिस्ट्री आली. केमिस्ट्री म्हटलं की व्हॅलन्सी आली, इक्वेशन बॅलन्स करणं आलं आणि भिंतीवरचा तो आवर्तसारणीचा तक्ता आला. हे सगळं शिकून उपयोग काय, हा प्रश्न पोरंही विचारतात आणि आईबापही.

खरं तर मुळशीत हा प्रश्न पडायलाच नको. पिरंगुटच्या पट्ट्यात रसायनांशी संबंधित किती तरी कारखाने आहेत आणि तिथं गावातल्या बायका रोज कामाला जातात. जून २०२१ मध्ये उरवड्याच्या एका केमिकल कंपनीत आग लागली. त्यात जीव गेलेल्या कामगारांमध्ये बहुतेक महिलाच होत्या. रसायनं भरायला, पॅक करायला बायका लागतात. पण त्या बरणीत काय आहे, ते कशामुळं पेटतं, पेटलं तर काय करायचं, हे त्यांना कुणी शिकवलेलं असतं का?

नव्वद वर्षांपूर्वी तर त्याच्याही आधीचा प्रश्न होता. बाईनं केमिस्ट्री शिकावी की नाही?

हा प्रश्न एका मराठी मुलीला विचारला गेला. विचारणारा माणूस साधासुधा नव्हता. त्याच्या नावावर नोबेल होतं.

त्या मुलीचं नाव कमला भागवत. लग्नानंतर त्या कमला सोहोनी झाल्या.

कमलाताईंचा जन्म इंदूरचा. घराणं मराठी आणि घरात केमिस्ट्रीचं वातावरण. वडील नारायणराव भागवत आणि काका माधवराव भागवत दोघेही रसायनशास्त्रज्ञ. बंगळुरूला जमशेदजी टाटांच्या पुढाकारानं जी विज्ञान संस्था उभी राहिली, जिला आज आपण इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स म्हणतो, तिथं शिकलेले. त्या काळात लोक तिला टाटा इन्स्टिट्यूट म्हणायचे.

भागवतांच्या घरातलं आणखी एक नाव तुम्हाला नक्की माहीत असेल. दुर्गा भागवत. आणीबाणीच्या काळात कराडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष असताना सरकारविरुद्ध उभ्या राहिलेल्या दुर्गाबाई कमलाताईंच्या सख्ख्या थोरल्या बहीण. दुर्गाबाईंनी लोकसाहित्य आणि संस्कृती लिहिली, 'खमंग' नावाचं पाककृतींचं पुस्तकही लिहिलं. कमलाताईंनी त्याच स्वयंपाकघरातल्या डाळी उचलून थेट प्रयोगशाळेत नेल्या. एका घरातून निघालेल्या दोन वाटा, आणि हट्टीपणा दोघींचा सारखाच.

तर बापाचा आणि काकाचा विषय पोरीनं उचलला. मुंबई विद्यापीठातून रसायनशास्त्र हा मुख्य विषय आणि भौतिकशास्त्र हा दुय्यम विषय घेऊन १९३३ साली त्या बीएस्सी झाल्या. गुणवत्ता यादीत त्यांचं नाव सगळ्यात वर होतं. आता पुढचं शिक्षण कुठं घ्यायचं हे तर लहानपणापासून ठरलेलं. जिथं वडील शिकले तिथंच. बंगळुरूला अर्ज गेला.

अर्ज नामंजूर झाला.

मार्क कमी होते म्हणून नाही, जागा नव्हती म्हणूनही नाही. अर्जदार मुलगी होती म्हणून.

संस्थेचे संचालक होते सर सी. व्ही. रामन. १९३० साली त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं होतं आणि १९३३ मध्ये ते या संस्थेचे पहिले भारतीय संचालक झाले होते. अख्ख्या देशाला त्यांचा अभिमान होता, भागवतांच्या घरालाही असणारच. वडील आणि काका रामन यांना भेटले. आपल्याच संस्थेचे जुने विद्यार्थी विनंती करतायत म्हटल्यावर काही तरी फरक पडेल असं त्यांना वाटलं असेल. रामन यांनी संस्थेत मुलींना घेणार नाही असं स्पष्ट सांगितलं.

इथं बहुतेक घरांमध्ये विषय संपला असता. मुलगी पदवीधर झाली हेच त्या काळात पुष्कळ मानलं जायचं.

पण साल १९३३ होतं. मिठाचा सत्याग्रह होऊन तीनच वर्षं झाली होती आणि कमलाताई गांधीजींना मानणाऱ्या. त्या बंगळुरूला गेल्या, रामन यांच्यासमोर उभ्या राहिल्या आणि नकाराचं कारण मागितलं. प्रवेश मिळेपर्यंत इथून हलणार नाही असं सांगून त्यांनी तिथंच सत्याग्रह सुरू केला. इंग्रज सरकारविरुद्धचं हत्यार एका विशीतल्या मुलीनं नोबेल विजेत्या भारतीय शास्त्रज्ञाविरुद्ध काढलं होतं.

शेवटी रामन यांनी माघार घेतली, पण अटी घालूनच. पहिलं वर्षभर त्यांना नियमित विद्यार्थिनी मानलं जाणार नाही. मार्गदर्शक सांगतील तेव्हा, रात्री उशिरापर्यंतसुद्धा काम करावं लागेल. वर्षानंतर काम पाहून संचालक समाधानी झाले तरच प्रवेश पक्का. आणि सगळ्यात कहर म्हणजे, त्यांच्यामुळं प्रयोगशाळेतलं वातावरण बिघडता कामा नये. म्हणजे मुलांचं लक्ष विचलित झालं तर त्याची जबाबदारीही हिचीच.

कमलाताईंनी अटी मान्य केल्या. पण तो अपमान त्या विसरल्या नाहीत. पुढं साठ वर्षांनी, महिला शास्त्रज्ञांच्या एका कार्यक्रमात बोलताना त्यांनी रामन यांचं शास्त्रज्ञ म्हणून मोठेपण मान्य केलं आणि माणूस म्हणून त्यांचं मन किती संकुचित होतं, तेही तितक्याच स्पष्टपणे सांगितलं. रामन यांच्याबद्दल असं जाहीरपणे बोलणारी माणसं आपल्याकडं फार नाहीत.

बंगळुरूला त्यांना मार्गदर्शक मात्र चांगले मिळाले. एम. श्रीनिवासय्या हे शिस्तीचे कडक आणि कामाला वाघ, पण शिकवायला कधी मागं न हटणारे. त्यांच्या हाताखाली कमलाताईंनी दूध, डाळी आणि कडधान्यांमधल्या प्रथिनांवर काम सुरू केलं.

विषय ऐकायला साधा वाटतो, पण त्याचं महत्त्व समजून घ्यायला हवं. मांस-मासे, अंडी ज्यांना परवडत नाहीत किंवा चालत नाहीत, अशा कोट्यवधी भारतीयांना प्रथिनं मिळतात ती डाळीतून. मग तूर, मूग, हरभऱ्यात नेमकं किती आणि कोणतं प्रथिन आहे, त्यातलं शरीराला किती लागू पडतं, हे आपल्याला माहीत असायला नको का? पण डाळ पिकवणाऱ्या देशात हा अभ्यास तेव्हा फारसा झालेलाच नव्हता.

वर्ष संपलं. रामन यांनी काम पाहिलं आणि प्रवेश नियमित केला. एवढंच नाही, तर पुढच्या वर्षापासून संस्थेनं मुलींना प्रवेश द्यायला सुरुवात केली. १९३६ मध्ये कमलाताईंनी एमएस्सीची पदवी विशेष प्राविण्यासह मिळवली.

याचा अर्थ सगळं सुरळीत झालं असा मात्र नाही. १९४० मध्ये अॅना मणी रामन यांच्या प्रयोगशाळेत आल्या, हिरे आणि माणकांवर काम केलं, शोधनिबंध लिहिले. पण त्यांच्याकडं एमएस्सी नाही असं कारण देऊन मद्रास विद्यापीठानं त्यांना पीएचडी दिलीच नाही. दार उघडलं होतं, पण उंबरठा तसाच उंच होता.

कमलाताई तोवर केंब्रिजला पोचल्या होत्या.

मुंबई विद्यापीठाच्या शिष्यवृत्तीवर त्या १९३७ मध्ये इंग्लंडला गेल्या. मुलींच्या न्यूनहॅम कॉलेजात त्यांना प्रवेश मिळाला. आधी डेरेक रिक्टर यांच्याकडं आणि ते दुसरीकडं गेल्यावर रॉबिन हिल यांच्याकडं त्यांनी काम केलं. बारावीला बायोलॉजी असलेल्यांनी फोटोसिंथेसिसच्या धड्यात हिल रिअॅक्शन वाचली असेल. ते हेच हिल. विभागाचे प्रमुख होते सर फ्रेडरिक गोलंड हॉपकिन्स, ज्यांना व्हिटॅमिनच्या संशोधनासाठी १९२९ चं नोबेल मिळालं होतं. बंगळुरूला एका नोबेलवाल्यानं दार लावलं होतं, इथं दुसऱ्यानं उघडलं.

हिल यांच्या प्रयोगशाळेत कमलाताईंच्या टेबलावर होता बटाटा.

आता थोडी केमिस्ट्री. आपण जेवतो, त्या अन्नातून पेशींना ऊर्जा मिळते. पण अन्न पेशीत जाऊन लाकडासारखं भसकन जळत नाही, नाही तर आपणच पेटलो असतो. तिथं एक साखळी असते. अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन एका रेणूकडून दुसऱ्याकडं, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडं, असे टप्प्याटप्प्यानं पुढं सरकवले जातात आणि शेवटी ऑक्सिजनपर्यंत पोचतात. वणवा लागला की माणसं रांग करून हातोहात पाण्याच्या बादल्या पुढं देतात ना, तसं. या रांगेतला एक गडी म्हणजे सायटोक्रोम सी. हे लोह असलेलं एक प्रथिन आहे. त्यातलं लोह इलेक्ट्रॉन घेतं आणि पुढच्याला देतं. शाळेत ऑक्सिडेशन आणि रिडक्शन म्हणून जो कंटाळवाणा धडा असतो, तो धडा आपल्या प्रत्येक श्वासामागं चालू असतो.

प्राण्यांमधल्या आणि यीस्टमधल्या सायटोक्रोमवर केंब्रिजमध्येच डेव्हिड केलिन यांनी आधी मोठं काम केलं होतं. वनस्पतींचं काय, हा प्रश्न होता. कमलाताईंनी बटाट्यावर काम करताना दाखवून दिलं की वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम सी असतं. म्हणजे माणूस असो की बटाटा, श्वसनाची मूळ यंत्रणा एकच.

या कामावर त्यांनी प्रबंध लिहिला. आपल्याकडं पीएचडीचा प्रबंध म्हटलं की उशीएवढा जाड ठोकळा डोळ्यांसमोर येतो. कमलाताईंचा प्रबंध टाइप केलेली ४० पानं होता. काम पूर्ण करायला त्यांना लागले १४ महिने. १९३९ मध्ये केंब्रिज विद्यापीठानं त्यांना पीएचडी दिली.

विज्ञानात पीएचडी मिळवणारी पहिली भारतीय महिला अशी त्यांची ओळख बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळते. यात थोडी गडबड आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्मल यांना अमेरिकेच्या मिशिगन विद्यापीठानं १९३१ मध्येच डॉक्टरेट दिली होती. पण पहिला नंबर कुणाचा या वादात कमलाताईंचं काही कमी होत नाही. सहा वर्षांपूर्वी जिला मुलगी म्हणून परत पाठवलं जात होतं, ती बायोकेमिस्ट्रीसारख्या तेव्हाच्या कोऱ्या करकरीत विषयात केंब्रिजची डॉक्टर झाली होती.

युरोपात महायुद्धाचे ढग जमले होते. हुशार संशोधकाला परदेशात थांबायला हजार कारणं सापडतात. पण कमलाताईंना परत यायचं होतं आणि १९३९ मध्येच त्या भारतात आल्या.

दिल्लीच्या लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेजमध्ये नव्यानं सुरू झालेल्या बायोकेमिस्ट्री विभागाच्या त्या प्रमुख झाल्या. तिथून तमिळनाडूतल्या कुन्नूरच्या न्यूट्रिशन रिसर्च लॅबोरेटरीत सहायक संचालक म्हणून गेल्या आणि व्हिटॅमिनवर काम केलं. काम चांगलं चाललं होतं, पण वर जायचा रस्ता दिसत नव्हता. त्याच सुमारास एम. व्ही. सोहोनी यांच्याकडून लग्नाची मागणी आली. सोहोनी व्यवसायानं अॅक्चुअरी, म्हणजे विमा कंपन्यांसाठी जोखमीचं गणित मांडणारे. १९४७ मध्ये लग्न झालं आणि कमलाताई मुंबईत आल्या.

आता इतक्या शिकलेल्या बाईनं लग्नानंतर संसारात रमावं अशी अपेक्षा असणारच. पण मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये बायोकेमिस्ट्रीचा नवा विभाग निघाला आणि तिथं त्या प्राध्यापक झाल्या. त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात उपयोगी काम इथंच झालं.

बंगळुरूच्या डाळी पुन्हा टेबलावर आल्या. या वेळी प्रश्न वेगळा होता. डाळीत प्रथिनं भरपूर असतात, पण कच्ची डाळ पचत का नाही? आपल्या आतड्यात ट्रिप्सिन नावाचं एक एन्झाइम प्रथिनं तोडायचं काम करतं. कच्च्या डाळी-कडधान्यांत असे काही पदार्थ असतात की ते या ट्रिप्सिनलाच अडवून धरतात. कमलाताई आणि त्यांच्या विद्यार्थिनींनी भारतीय खाण्यातल्या या ट्रिप्सिन-रोधकांचा अभ्यास करून १९५० च्या दशकात शोधनिबंध प्रसिद्ध केले. डाळ नीट शिजवली की उष्णतेनं या रोधकांचा जोर बराच कमी होतो. आजी कडधान्य भिजवून, मोड आणून, मऊ शिजवायची, त्यामागं हे सगळं रसायन होतं. आजीला ते अनुभवानं माहीत होतं, कारण मात्र प्रयोगशाळेत कळलं.

मग आली नीरा.

पुण्या-मुंबईत नीरा केंद्रावर उभं राहून थंडगार ग्लास मारला नाही असा माणूस विरळा. ताडाच्या किंवा शिंदीच्या झाडाचा हा गोड रस. पहाटे काढला की नीरा आणि ऊन चढलं की ताडी. या दोघींमध्ये फरक फक्त केमिस्ट्रीचा. हवेतले आणि मडक्यातले सूक्ष्मजीव रसातली साखर खातात आणि तिचं अल्कोहोल करतात. म्हणून नीरा काढणारे मडक्याला आतून चुन्याचा हात फिरवतात. चुन्यामुळं रस अल्कधर्मी होतो, त्या जीवांना ते मानवत नाही आणि आंबण्याची क्रिया लांबते. आम्ल आणि आम्लारी हा आठवी-नववीचा धडा, झाडाच्या शेंड्यावर बसलेल्या माणसाला न शिकता पाठ असतो.

राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी कमलाताईंना नीरेवर संशोधन करायला सुचवलं. त्या काळात मुंबई राज्यात दारूबंदी होती. ताडी बंद झाली की ताडाच्या झाडावर पोट असणाऱ्यांनी करायचं काय? नीरा आणि ताडगूळ हा त्यावरचा एक मार्ग होता. पण नीरा खरंच पौष्टिक आहे की नुसतंच साखरेचं पाणी, हे कुणी तरी मोजून सांगायला हवं होतं.

कमलाताईंनी यावर दहा-बारा वर्षं काम केलं. नीरेत अ आणि क जीवनसत्त्व आणि लोह चांगल्या प्रमाणात असतं आणि तिच्यापासून गूळ किंवा काकवी केली तरी त्यातलं बरंचसं टिकतं, असं त्यांना आढळलं. मग आदिवासी भागातल्या कुपोषित मुलांना आणि गरोदर बायकांना आहारात नीरा देऊन पाहिली. त्यांच्या तब्येतीत ठळक सुधारणा दिसली. महागडं टॉनिक नाही, परदेशी पावडर नाही. गावच्या झाडाचा रस. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला.

मुंबईला दूध पुरवणाऱ्या आरे दूध प्रकल्पाच्या सल्लागारांमध्येही त्या होत्या. दूध नासू नये म्हणून काय पद्धत पाळायची ते त्यांनी बसवून दिलं.

एवढं सगळं करूनही इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या संचालकपदाची वेळ आली तेव्हा अंतर्गत राजकारणात त्यांचं नाव चार वर्षं अडकवून ठेवलं गेलं. रामन यांनी निदान तोंडावर नाही म्हटलं होतं. इथं कुणी नाही म्हणत नव्हतं, फक्त फाइल हलत नव्हती. अखेर त्या संचालक झाल्या. एवढ्या मोठ्या विज्ञान संस्थेच्या प्रमुखपदी बाई आली, तिनं इतिहास घडवला, असं कौतुक केंब्रिजच्या डेरेक रिक्टर यांनी केलं. १९६९ मध्ये त्या निवृत्त झाल्या.

पण निवृत्तीनंतर घरी बसतील त्या कमलाताई कसल्या.

१९६६ मध्ये मुंबईत नऊ बायकांनी मिळून कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया सुरू केली होती. ग्राहक हक्क हा शब्दही तेव्हा लोकांच्या तोंडी नव्हता. ग्राहक संरक्षण कायदा आला तो त्यानंतर वीस वर्षांनी. कमलाताई या संस्थेच्या सुरुवातीपासूनच्या कार्यकर्त्या. १९८२-८३ मध्ये त्या अध्यक्ष होत्या आणि संस्थेच्या 'कीमत' मासिकात अन्नातल्या भेसळीवर लिहायच्या.

भेसळीविरुद्ध कायदा १९५४ पासून होता. पण कायदा दुकानात उभा राहत नाही, ग्राहक उभा राहतो. आणि त्याला भेसळ ओळखायला जे लागतं ते बहुतेक सगळं शाळेच्या प्रयोगशाळेत असतं. दुधात पीठ मिसळलंय का ते बघायला आयोडीनचे दोन थेंब पुरतात, निळा रंग आला की पीठ आहे. मिरची पूड पाण्यात टाकली आणि तळाशी विटेची भुकटी बसली की समजायचं. हळदीत मेटॅनिल यलो नावाचा कापडाचा रंग असेल, तर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल टाकल्यावर ती गुलाबी होते आणि पाणी घातलं तरी तो रंग जात नाही. शुद्ध हळदीचा गुलाबी रंग पाणी घातल्यावर निघून जातो. स्टार्चची ती आयोडीन टेस्ट शाळेत प्रत्येकानं केलेली असते, पण स्वयंपाकघरात किती जण वापरतात?

कमलाताईंनी मराठीत मुलांसाठी विज्ञानाची पुस्तकंही लिहिली. चाळीस पानांत केंब्रिजची पीएचडी मिळवलेल्या बाईला थोडक्यात आणि सोपं कसं सांगायचं हे कुणी शिकवायची गरज नव्हती.

इतकं असूनही बरीच वर्षं हे नाव बायोकेमिस्ट्रीच्या बाहेर फारसं कुणाला माहीत नव्हतं. १८ जून २०२३ ला त्यांच्या ११२ व्या जयंतीला गूगलनं डूडल केलं, तेव्हा अनेकांनी पहिल्यांदा त्यांच्याबद्दल शोधून वाचलं.

इंडियन कौन्सिल ऑफ मेडिकल रिसर्चनं कमलाताईंना सत्कारासाठी दिल्लीला बोलावलं. संस्थेच्या महासंचालकपदी तेव्हा डॉ. जी. व्ही. सत्यवती होत्या, म्हणजे एक बाईच. इतक्या मोठ्या शास्त्रज्ञ महिलेची आपण इतकी वर्षं दखल कशी घेतली नाही, या विचारानं त्यांनी हा सोहळा घडवून आणला होता. ऐंशी ओलांडलेल्या कमलाताई व्यासपीठावर आल्या तेव्हा सभागृह उभं राहिलं आणि बराच वेळ टाळ्या वाजत राहिल्या. त्याच कार्यक्रमात त्या कोसळल्या आणि थोड्याच काळात त्यांचं निधन झालं.